दोराच्या टप्प्यापलीकडचा चहा

४ जुलै

गाडी आली एकदाची घरी. गेवराईच्या गॅरेजात पडून गवत उगवलेला जुना ट्रक, त्याला पुढं विंच बसवून घेतलं. विंच म्हणजे पोलादी दोर गुंडाळायचं मोटारीवरचं यंत्र. दोराचा हूक चिखलात रुतलेल्या गाडीला अडकवायचा, बटण दाबायचं, गाडी बाहेर. फौजेत मी आयुष्यभर हेच केलं. आता रिटायर होऊन गावात हेच करायचं ठरवलंय. दिंद्रुडच्या या काळ्या रानात पावसाळाभर गिऱ्हाईक कमी पडायचं नाही.

वनितानं बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली, गाडीला झेंडूची माळ घातली. मला भरून आलं. नोकरीत असताना ही बाई एकटीनं घर ओढत होती, आणि आता म्हातारपणी नवऱ्यानं लोखंडाचं धूड दारात आणून उभं केलं तरी एक शब्द बोलली नाही. माझं नशीब थोर.

एकच गोष्ट मनात खुपते, ती इथं लिहून ठेवतो. ताणलेला दोर तुटला, किंवा पलीकडचा हूक निसटला, तर तो परत येतो तेव्हा दिसतसुद्धा नाही. ईशान्येकडं आमच्या तुकडीतल्या एका जवानाचा पाय मी तसा गेलेला पाहिलाय. आम्हाला शिकवणारे उस्ताद म्हणायचे, दोर ताणला की त्याच्या टप्प्यात कुत्रंसुद्धा नको. माझ्या दोरापायी या गावात कुणाला इजा झाली तर मी तोंड दाखवू शकणार नाही. वनिताला हे सगळं सांगितलं. तिनं विचारलं, दोर किती लांब हाय? मी अंगणात पूर्ण उलगडून दाखवला. बायको कामात इतका रस घेते, बरं वाटलं.

११ जुलै

पहिलं काम. खताचा टेम्पो कडूबाईच्या रानाच्या तोंडाशी बसला होता, चाकं निम्मी आत. माझा ट्रक घसरू नये म्हणून त्याच्या चाकांना दगडाच्या उट्या लावल्या, टेम्पोच्या चाकांपुढचा चिखल खोऱ्यानं मोकळा केला, हूक चॅसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला लावला. दोरावर ओलं गोणपाट टाकलं, म्हणजे तुटला तर त्याच्या ओझ्यानं खाली बसावा. सगळं पुस्तकाप्रमाणं.

पण माणसं! फौजेत शिट्टी मारली की मैदान साफ. इथं शिट्टी मारली तर होती त्याच्या दुप्पट जमली. "मेजर, आमी धरू का दोर?" गावात सगळ्या फौजींना मेजरच म्हणतात, मी हवालदार होतो हे कुणाला पडलेलं नाही. म्हातारी माणसं खांद्यावर टॉवेल टाकून दोराला लागून उभी. मागं व्हा म्हणलं की एक पाऊल मागं होतात आणि दोन पुढं येतात. कडूबाई तर वाकून चालू दोराला हात लावायला गेली. जत्रेत देवाच्या रथाच्या दोराला हात लावतात ना, हातभार लागतो आणि पुण्यही मिळतं, तसं. म्हणली, "माज्या रानातलं काम हाय, माजा बी हात लागू दे की." मी बटण सोडलं, दोर थांबवला. 

थांबत थांबत काढला टेम्पो कसातरी. कुणाला काही झालं नाही. आभार कुणाचे मानायचे कळेना, म्हणून सगळ्यांचेच मानतो.

घरी येऊन वनितापाशी खूप बडबडलो. आपल्या माणसाला शिस्त म्हणून नाही, वगैरे. ती भाकरी थापत ऐकत होती. शेवटी म्हणली, पुढच्या कामाला मी येते.

१९ जुलै

वनिता आली, आणि काय घेऊन आली तर स्टो, मोठं पातेलं, किटली आणि कप. मी म्हणलो, हे काय, ट्रिपला चाललोय का आपण? ती म्हणली, पावसात उभी राहत्यात माणसं, घोटभर चहा देऊ की.

ऊसतोडीच्या मुकादमाची जीप होती, ओढ्याच्या अलीकडं. तिनं आपली स्टोची चूल कुठं मांडली? पार लांब, बांधापलीकडच्या लिंबाखाली. जवळ चांगलं बाभळीचं झाड होतं, ते सोडून. मी ओरडून सांगितलं, एवढ्या लांब कशाला? तिनं ऐकलंच नाही. असेल तिथं वारा कमी.

चहाला उकळी आली तशी माणसं हळूहळू तिकडं सरकली. मी इकडं इतकं नाजूक काम करतोय, कप्पी लावून दोर दुहेरी केला, इंचाइंचानं जीप उचलली, आणि बघायला कोण? एक म्हैस. खरं सांगायचं तर मन खट्टू झालं. जीप निघाल्यावर तिकडं टाळ्या वाजल्या, त्यासुद्धा कुणाच्यातरी गमतीवर असाव्यात.

तरी काम शांतपणे झालं. एकदाही बटण सोडावं लागलं नाही. जमिनीचा गुण म्हणायचा.

३ ऑगस्ट

आज वनिताशी वाद झाला. भांडण नाही, आमच्यात भांडण होत नाही, ती गप्प बसते.

तिचा चहा आता सगळ्या पंचक्रोशीत माहीत झालाय. गाडी काढायची म्हणलं की किटली पुढं. पोरं, तरणी माणसं पितात. पण वरच्या आळीची काही जुनी खोडं येतात, पातेल्यापाशी उभी राहतात आणि "आत्ताच घेतला घरी" म्हणतात. मला ते बोलणं लहानपणापासून पाठ आहे. युनिटमध्ये एका ताटात जेवलो सगळ्या मुलखाच्या माणसांबरोबर, आणि इथं परत तेच. मी तिला म्हणलो, जे आपला कप तोंडाला लावत नाहीत त्यांच्यापुढं कशाला किटली नाचवतेस? आपल्याला काय गरज पडलीय?

ती म्हणली, "पिणारे पितात. आन् न पिणाऱ्याला बी तिथं येऊनच न्हाई म्हणावं लागतं."

याचा काय अर्थ? मी दोनदा विचारलं. ती भांडी घासत बसली. हिला लोकांच्यात मिसळायची हौस आहे, एवढंच मी समजतो. इतकी वर्षं एकटी काढली बिचारीनं. असू दे, करू दे.

२४ ऑगस्ट

बंकटराव आज पहिल्यांदा कामावर आले. गावचे माजी सरपंच, ओढ्याकाठचं अर्धं शिवार त्यांचं. त्यांच्या पुतण्याचा पिकअप बसला होता. बंकटराव दोरापासून हातभर अंतरावर छत्री घेऊन उभे, आणि हुकूम सोडायला सुरू. डावीकडून घे. जोर लाव. कशाला थांबला? मी हात जोडून म्हणलो, थोडं बाजूला होता का. तर म्हणले, "मेजर, मी या चिखलात जन्मलोय. मला नका शिकवू."

वनिता स्वतः गेली त्यांना बोलवायला. मला साखर चालत न्हाई, म्हणले. तिनं बिनसाखरेचा वेगळा केला. तर म्हणले, आज उपास. ती किटली घेऊन तशीच परत फिरली. मला इतका संताप आला की पिकअप तिथंच सोडून जावंसं वाटलं. ती मात्र चिडली नव्हती. घाबरल्यासारखी दिसत होती. बंकटरावाला कसली घाबरते? मी आहे की.

ते उभे होते म्हणून मी अगदी थोडा थोडा ओढला. पिकअप हलका, निघाला. पण असं प्रत्येक वेळी निभावणार नाही.

१६ सप्टेंबर

काल काहीच लिहिलं नाही.  आज सगळं नीट लिहितो.

चार दिवस पाऊस थांबला नव्हता. ओढा फुगलेला. काल सकाळी बंकटरावांचा ट्रॅक्टर कडब्याची ट्रॉली घेऊन ओढ्यात उतरला आणि मधोमध बसला. पाणी चढत होतं. ड्रायव्हर पाण्यातून बाहेर आला, पण ट्रॅक्टर वाहून जाईल अशी परिस्थिती. मला बोलावणं आलं. बोलवायला स्वतः बंकटराव आले होते, दारात. जय भीम म्हणले. त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

जाऊन बघतो तर अख्खं गाव काठावर. एवढा चिखल, एवढं पाणी, ट्रॉलीसकट ट्रॅक्टर. दोरावर येणारा ताण माझ्या अंदाजाबाहेरचा. ट्रॅक्टरची चॅसी पाण्याखाली. ड्रायव्हर म्हणला पुढं वेल्डिंग करून जाड कडी बसवलीय, तिला अडकवा. मी कमरेभर पाण्यात जाऊन हात फिरवून बघितली. जाड होती. वेल्डिंग आतून गंजलंय हे हाताला कळलं नाही. तेवढी माझी चूक.

परत येऊन बघतो तर माणसं दोराच्या दोन्ही अंगांना, रथ ओढायला उभी राहतात तशी. आणि सगळ्यात पुढं बंकटराव. शिट्टी मारली, ओरडलो, शिव्यासुद्धा दिल्या. त्यांचा ट्रॅक्टर पाण्यात आणि मी त्यांना मागं व्हा म्हणतोय, कोण ऐकणार? ते हलले नाहीत म्हणून कुणीच हललं नाही. पाणी सीटपर्यंत आलं होतं. बटण दाबावं की नाही, मला ठरवता येईना.

तेवढ्यात वनिता चिखल तुडवत त्यांच्यापाशी आली. यावेळी तिनं चहा घ्या म्हणलंच नाही. म्हणली, "काका, एवढी माणसं तुमच्या कामासाठी पावसात भिजायलीत. चहा माज्या हातचा हाय, पण वाटणारा घरधनी पायजे. तुमी वाटला तरच शोभा हाय."

 आमच्याकडं काम ज्याचं त्यानं आलेल्याचं बघायचं, ही रीत कुणाला चुकत नाही. माणसं भिजतायत आणि मालकानं पाण्याला विचारलं नाही, असं गावानं म्हणलेलं बंकटरावांना परवडणार नव्हतं. छत्री मिटली, गेले तिच्या मागं. पार वरच्या टेकाडावर, तिनं चूल मांडली होती तिथं. आणि आमची किटली हातात घेऊन ओतायला लागले. बंकटराव स्वतः चहा ओततात म्हणल्यावर कोण खाली थांबतंय? कडूबाईसुद्धा पदर खोचून वर गेली.

काठ मोकळा झाला. मी बटण दाबलं.

ट्रॅक्टर हलला, थोडा वर आला, आणि ती कडी मुळातून उपटली. आवाज बंदुकीसारखा. गोणपाटानं दोर जरा खाली दाबला तरी कडीसकट हूक आला तो सरळ बंकटरावांच्या उभं राहायच्या जागेवरून, आणि ट्रकच्या उजव्या दिव्यात घुसला. काच, पत्रा, सगळं आत. मी शेजारीच होतो विंचपाशी, बटणाची वायर हातभरच असल्यानं तिथंच उभं राहावं लागतं. शर्टावर काचा पडल्या तेवढ्याच. दिवा काय, बसवता येतो.

 

मग मी परत पाण्यात गेलो, यावेळी ट्रॉली सोडून दिली, चॅसी हातानं शोधून तिलाच पट्टा घातला. माणसं टेकाडावरून हलली नाहीत, सांगावंसुद्धा लागलं नाही. ट्रॅक्टर निघाला.

बंकटराव माझ्याकडं येतील असं मला वाटलं होतं. ते आपल्या जुन्या जागेपाशी गेले, चिखलात दोरानं पाडलेली चर बघितली, आणि वर जाऊन वनितापुढं हात जोडले. म्हणले, "पोरी, तू मला तिथून उठवलं." मग कप उचलला, गार झालेला चहा उभ्या उभ्या पिऊन टाकला. सगळ्या गावादेखत.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. लिंबाचं झाड. बांधापलीकडची चूल. दोर किती लांब हाय म्हणून विचारलं होतं. मी शिट्ट्या फुंकत होतो आणि ही बाई दोराचा टप्पा मनात मोजून त्याच्या बाहेर चहा मांडत होती. लोकांनी नाकारला तरी मांडत होती. मी तिला हौशी म्हणलो!

वनिता, हे तू कधी वाचलंस तर वाच. तुझे उपकार आहेत. माझ्यावर, गावावर, त्या माणसावर.

१८ सप्टेंबर

वनिता बोलत नाही.

जेवायला वाढते, विचारलं तेवढं सांगते, बस. मी तिला सरळ म्हणलो, मला सगळं कळलंय, तू केलंस ते थोर केलंस. तिनं मान हलवली आणि दळण घेऊन गेली. कडूबाई सकाळी दारात येऊन तिची अलाबला काढून गेली, तरी हिच्या चेहऱ्यावर काही नाही. भिजल्यानं अंगात कणकण असेल. काढा करून दिला, तो तसाच राहिला.

सगळी माणसं सुखरूप आहेत. ट्रॅक्टर निघाला. मग काय झालंय हिला?

२१ सप्टेंबर

माजलगाव रस्त्याला एक कार बसल्याचा फोन आला. मी तयारी केली, किटली गाडीत ठेवली. ती उठेना. मी येणार न्हाई, म्हणली. मी समजूत काढली, तुझ्याशिवाय काम होत नाही, आता तर सगळे मानतात तुला. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. गाडीच्या फुटलेल्या दिव्याकडं बघत म्हणली,

"सगळं गाव हलवलं मी. तुमाला कसं हलवू? तुमच्यासाठी कसला चहा करू, सांगा की."

मी हसायला गेलो, जमलं नाही. म्हणलो, अगं मी तर मशीनपाशी असतो, मला काय होतंय. ती म्हणली, "दिवा बघा. आन् तुमी कुठं उभा होता ते बघा." आणि मग रडली. लग्नापासून मी तिला माझ्यासमोर अशी रडताना पाहिलं नव्हतं. मी सीमेवर असताना रडत असेल, ते मला कोण सांगणार.

दिव्यापाशी जाऊन उभा राहिलो. माझ्या रोजच्या जागेवर. डावा हात लांब केला तर बोटं त्या भोकाला लागली. उस्ताद म्हणायचे कुत्रंसुद्धा नको, आणि मी सगळ्यांना टप्प्याबाहेर काढायच्या नादात स्वतःला माणसांत धरलंच नव्हतं.

कारवाल्याला फोन करून सांगितलं, आज येत नाही, दुसरं कुणी बघा.

२७ सप्टेंबर

मांजरसुंब्याला ट्रकांची वायरिंग करणारा रामेश्वर म्हणून एक जण आहे. त्याच्याकडून बटणाची वायर वाढवून घेतली. दोराच्या लांबीपेक्षाही जास्त. तो म्हणला, मेजर, एवढ्या लांबून तुमाला विंच दिसंल तरी का? मी म्हणलो, थोडं ओढायचं, थांबायचं, दोर सैल सोडायचा, मग जवळ जाऊन बघायचं, परत यायचं. वेळ लागेल. लागू दे. नवा दिवाही तिथंच बसवला.

घरी येऊन वायर अंगणात उलगडून दाखवली. वनितानं टोकापर्यंत चालत जाऊन बघितली.  आणि रात्री भाजीत मीठ बरोबर होतं, इतक्या दिवसांनी.

३० सप्टेंबर

आज कापसाच्या व्यापाऱ्याचा टेम्पो, गावाच्या खालच्या अंगाला. वनिता आली. चहा मांडला. बंकटराव आधीच येऊन बसले होते, लोकांना कप देत, जरा दमात घेत, "पलीकडं थांबा बे, इकडं काय ठेवलंय." मला ते हक्कानं बोलणं आवडलं. त्यांचं गावावर वजन आहे, ते आता माझ्या कामाला येतंय. चांगलं झालं.

उट्या लावल्या, चिखल काढला, चॅसीला पट्टा, दोरावर गोणपाट. मग बटण घेऊन मी मागं चालत आलो, सगळ्यांच्यात, वनिताशेजारी. फौजेतला कुणी बघितला असता तर म्हणला असता, हवालदार साहेब पळाले. म्हणू दे.

थोडं ओढलं. थांबलो. जाऊन बघून आलो. परत थोडं ओढलं. कितीतरी वेळ लागला. टेम्पो हळूच वर आला, चाकं सुटली, पाणी निथळत रस्त्यावर चढला. माणसं ओरडली. वनिता माझ्या दंडाला घट्ट धरून उभी होती, तोंड उघडं ठेवून बघत होती.

म्हणली, "अशी निघती व्हय गाडी?"

मी म्हणलो, अगं, इतक्या वेळा काढल्या की तुझ्यासमोर. ती म्हणली, माझ्यासमोर कशाच्या. विंचचा आवाज आला की मी पाठ करून उभी राहायचे, डोळे मिटून. गाडी निघाली की नाही ते माणसांच्या ओरडण्यावरनं समजायचं.

 एवढ्या पावसाळ्यात काढलेल्या गाड्यांपैकी तिनं आजची एकच पाहिली. तिला म्हणलो, थांब, अजून एक आहे फोनवर, पलीकडच्या रस्त्याला, तीही दाखवतो. ती पुढच्या चहासाठी किटली विसळायला लागली.